दहा किलो गेले कुठे?

कोकणे चौकातून रहाटणीकडे येणाऱ्या रस्त्यावर सकाळी दोन प्रकारच्या सायकली दिसतात. एक काळी, मागे कॅरिअर आणि खाली दुहेरी स्टँड असलेली. रात्रपाळी संपवून सोसायटीचा रखवालदार तिच्यावरून घरी निघालेला असतो. दुसरी बारीक नळ्यांची, वाकड्या हँडलची, पवना धरणाच्या किंवा लोणावळ्याच्या दिशेने निघालेल्या हौशी स्वाराची. लोहचुंबक लावलं तर दोन्हींना चिकटतं, कारण दोन्हींच्या नळ्या स्टीलच्याच. पण पहिली उचलून तिसऱ्या मजल्यावर न्यायची तर मध्ये दम खावा लागतो आणि दुसरी सहज खांद्यावर टाकता येते. काट्यावर पहिली २० किलोच्या आसपास भरते, दुसरी साडेनऊ.

धातू तोच, काम तेच. मग दहा किलो गेले कुठे?

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात हा प्रश्न रंगतो, कारण इथे घराआड एक तरी माणूस टर्नर, फिटर, टूलरूममधला किंवा डिझाइनमधला असतो. तयार सायकल विकत घेण्याऐवजी सुटे भाग जमवून आपल्या मापाची हलकी स्टीलची सायकल उभी करावी, असं अशा माणसाच्या मनात येतंच. ते जमण्यासारखं आहे. फक्त कोणत्या भागातून किती वजन निघतं आणि कुठून काढू नये, हे आधी कळायला हवं.

हलकं स्टील नसतंच

एक घन सेंटिमीटर स्टील सुमारे ७.८५ ग्रॅम भरतं. ते खिडकीच्या गजाचं असो की महागड्या रेसिंग सायकलच्या नळीचं, आकडा जवळजवळ तोच राहतो. भार दिल्यावर किती वाकायचं, म्हणजे ताठपणा, हाही सगळ्या स्टीलमध्ये जवळपास सारखा असतो. फरक पडतो तो ताकदीत. किती भार सोसून धातू पुन्हा मूळ आकारात येतो आणि कोणत्या भाराला कायमचा वाकतो, ही मर्यादा स्टीलनुसार बदलते.

साधं माइल्ड स्टील चौरस मिलिमीटरला सुमारे २५ किलो भार सोसतं, त्यापुढे ते वाकलेलंच राहतं. सायकलवाले ज्याला क्रोमोली म्हणतात त्या ४१३० स्टीलमध्ये सुमारे १ टक्का क्रोमियम, ०.२ टक्के मॉलिब्डेनम आणि ०.३ टक्के कार्बन असतो. ते ४५ किलोच्या आसपास सोसतं. म्हणून तोच भार पेलायला क्रोमोलीची नळी पातळ चालते. वजन कमी होतं ते या पातळ भिंतीमुळे. क्रोमोली स्वतः हलकं नसतं.

नळी पातळ केली की ताठपणा मात्र घटतो. त्यावर उपाय व्यास वाढवण्याचा. वहीचा कागद आडवा धरला तर स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो. त्याचीच सुरळी केली तर टोकावर पेन ठेवलं तरी सरळ राहते. कागद तेवढाच, पण तो मध्यापासून दूर गेला. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास २५.४ वरून २८.६ मिलिमीटर केला, तर ताठपणा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो आणि वजन फक्त १२-१३ टक्क्यांनी. याला हद्द आहे. व्यास फार वाढवून भिंत फार पातळ केली, तर सायकल खांबाला टेकवताना किंवा गाडीच्या कॅरिअरवर बांधताना नळीला पोचा पडतो. म्हणून चांगल्या स्टील फ्रेमच्या नळ्या साधारण २८ ते ३५ मिलिमीटर व्यासात राहतात.

मधे पातळ, टोकाला जाड

फ्रेमची नळी मधे फारशी ताणली जात नाही. ताण येतो तो सांध्यांजवळ. शिवाय वेल्डिंग किंवा ब्रेझिंग करताना सांध्याजवळचं स्टील तापून थोडं मऊ पडतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलवाले याच पेचात होते. नळी पातळ घ्यावी तर सांध्याजवळ तुटते, जाड घ्यावी तर सायकल जड होते.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स या मूळच्या खिळे बनवणाऱ्या घराण्याने १८९७ मध्ये यावरच्या तोडग्याचं पेटंट घेतलं. नळीचा बाहेरचा व्यास सगळीकडे सारखा, पण भिंत टोकांना जाड आणि मधे पातळ. जास्तीचं स्टील आतल्या बाजूने असल्यामुळे बाहेरून काही कळत नाही. अशा नळीला बटेड नळी म्हणतात. याच कंपनीने १९३५ मध्ये मँगनीज-मॉलिब्डेनम मिश्रित ५३१ ही नळी बाजारात आणली आणि पुढची कित्येक दशकं शर्यतीच्या सायकली तिच्यावर धावल्या.

किती फरक पडतो, ते हिशेबाने बघता येतं. सायकलचा आडवा दांडा ५५ सेंटिमीटर लांब आणि २८.६ मिलिमीटर व्यासाचा धरू. सगळीकडे १.२ मिलिमीटर जाडीची साधी नळी सुमारे ४४५ ग्रॅम भरते. टोकांचे मिळून २० सेंटिमीटर ०.८ मिलिमीटर जाड आणि मधले ३५ सेंटिमीटर ०.५ मिलिमीटर जाड अशी बटेड नळी घेतली, तर वजन २३० ग्रॅमवर येतं. एकाच दांड्यात वजन जवळजवळ निम्मं. सगळ्या नळ्यांमध्ये असंच केलं की रोडस्टरच्या, म्हणजे रखवालदाराच्या त्या काळ्या सायकलीच्या, फ्रेममधला किलो-दीड किलो निघून जातो.

यात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. रेनॉल्ड्स १९२८ पासून ब्रिटनच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स समूहात होती. त्याच समूहाशी भागीदारी करून मुरुगप्पा घराण्याने १९४९ मध्ये मद्रासला भारतातली ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स सुरू केली आणि हर्क्युलिस, बीएसए, फिलिप्स ही नावं इथल्या घराघरांत पोचली. म्हणजे गावोगावची हर्क्युलिस आणि युरोपातली ५३१ नळी नात्याने एकाच घरातल्या. या भारतीय कंपनीचा अचूक मापाच्या नळ्यांचा एक कारखाना आज पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळला आहे.

स्टिकर सोडा, व्हर्नियर लावा

फ्रेमवर क्रोमोली किंवा ४१३० असा स्टिकर दिसला की अर्धं काम झालं असं वाटतं. या पट्ट्यात तर ४१३० ओळखीचं. अभियांत्रिकीचे विद्यार्थी बाहा स्पर्धेसाठी मातीतून उड्या मारणारी बग्गी बनवतात, तेव्हा तिच्या पिंजऱ्याला बहुधा हीच नळी लागते. पण ती साधारण १.६ मिलिमीटर जाडीची असते. तीच सायकलच्या ५५ सेंटिमीटर दांड्याला वापरली, तर दांडा एकटाच ५८५ ग्रॅमवर जाईल, रखवालदाराच्या काळ्या सायकलीच्या दांड्यापेक्षाही जड. स्टीलच्या नावावरून ताकद कळते, वजन भिंतीच्या जाडीवरून कळतं.

भिंतीची जाडी मोजायला नळी कापावी लागत नाही. सीट ज्या खांबावर बसते, तो सीटपोस्ट बाहेर काढायचा आणि त्याचा व्यास व्हर्नियरने मोजायचा. जुन्या पद्धतीच्या फ्रेममध्ये सीटखालच्या नळीचा बाहेरचा व्यास बहुधा २८.६ मिलिमीटर असतो. सीटपोस्ट २७.२ चा निघाला, तर भिंत जेमतेम ०.७ मिलिमीटर. २५.४ चा निघाला तर १.६ मिलिमीटर. जुन्या बाजारातून फ्रेम घेणाऱ्याला ही चाचणी मिनिटाभरात आणि फुकट करता येते. सीटपोस्ट गंजून अडकला असेल, तर त्या फ्रेमचा नाद सोडलेला बरा. तो काढताना नळी पिळवटण्याची भीती असते.

फ्रेम हातात घेतल्यावर आणखी तीन गोष्टी बघायच्या. पुढची नळी आणि खालचा तिरका दांडा जिथे मिळतात, तिथे खालच्या बाजूला बोट फिरवून रंगाला सुरकुती आहे का हे बघायचं. सुरकुती लागली तर सायकल समोरून कुठेतरी आदळलेली आहे. फ्रेमच्या मागच्या त्रिकोणापासून पुढच्या नळीपर्यंत दोरा ताणून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आहे का, हे तपासायचं. आणि पॅडलच्या आसाच्या खोबणीत टॉर्च मारून गंज किती आत गेला आहे, ते बघायचं.

चाकात लपलेला किलो

फ्रेमवरच सगळं लक्ष जातं, पण साडेनऊ किलोच्या सायकलीत फ्रेम दोन किलोच्या आतबाहेर असते. चाकं, टायर आणि ट्यूब मिळून त्याहून जास्त भरतात.

जुन्या सायकलीची क्रोम केलेली स्टीलची रिम सुमारे ९०० ग्रॅम ते किलोभर भरते. अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे दुकानातल्या भाषेत अलॉयची, रिम ४५० ते ५०० ग्रॅम. दोन चाकांत किलोभर वजन कमी, तेही फारसा खर्च न करता. शिवाय ओल्या क्रोमवर ब्रेकचं रबर घसरतं. जूनपासून चार महिने पावसात सायकल चालवणाऱ्याला वजनापेक्षा हेच कारण मोठं आहे. अलॉय रिमवर ओल्या हवेतही ब्रेक बरा लागतो.

तारांनाही बटिंगचं तेच तत्त्व लागू पडतं. टोकांना २ मिलिमीटर आणि मधे १.८ मिलिमीटर जाडीची तार साध्या तारेपेक्षा एकेक ग्रॅमने हलकी. ३२-३२ तारांच्या दोन चाकांत साठ-पासष्ट ग्रॅम वाचतात. खरा फायदा वेगळाच आहे. तारा तुटतात त्या हबजवळच्या वळणावर. मधला भाग पातळ असला की तो ताणला जाऊन खड्ड्याचा धक्का तिथेच शोषला जातो आणि वळणावरचा ताण कमी होतो. म्हणून पातळ तारेचं चाक उलट जास्त टिकतं.

फिरणाऱ्या वजनाची बरीच चर्चा होते. रिमवरचा एक ग्रॅम दोन ग्रॅमसारखा, असं म्हणतात. सिग्नल सुटल्यावर सायकल वेगात आणताना ते बऱ्याच अंशी खरं असतं, कारण रिम पुढेही न्यावी लागते आणि फिरवावीही लागते. एकदा स्थिर वेग धरला, मग सपाटी असो की चढ, रिमवरचा ग्रॅम आणि फ्रेमवरचा ग्रॅम सारखाच.

टायरबाबत दोन गोष्टी कळायला हव्यात. पहिली मापाची. काळ्या रोडस्टरचं टायर २८ इंची आणि बारीक सायकलचं ७०० सी टायरही काही वेळा २८ इंची म्हणून विकलं जातं. पण रोडस्टरच्या २८ x १½ रिमवर टायर बसण्याचा व्यास ६३५ मिलिमीटर आणि ७०० सीचा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक कितीही जोर लावला तरी भरून निघत नाही. म्हणून खरेदीला जाताना इंच विसरून टायरच्या कडेवर छापलेला ६२२ किंवा ६३५ हा आकडा बघायचा.

दुसरी गोष्ट रबराची. टायर फिरताना सतत दबतं आणि पुन्हा फुगतं. त्यात ताकद खर्च होते. ७० किलोचा स्वार आणि १२ किलोची सायकल ताशी २५ किलोमीटरने चालली आहे, असं धरू. जाड, कडक, स्वस्त टायरऐवजी लवचिक कापडाचं चांगलं टायर बसवलं, तर सुमारे १७ वॅट वाचतात. तेवढ्याच वेगात सपाट रस्त्यावर सायकलचं वजन ४ किलोने कमी केलं तर वाचतात जेमतेम दीड वॅट. काळेवाडी फाटा ते डांगे चौक या पट्ट्यात रोज जाणाऱ्याने पहिले पैसे टायरवर घालावेत.

टायरची रुंदीही इथल्या रस्त्यांना साजेशी हवी. खड्डे, रम्बलर आणि चाकण रस्त्यावरची खडी बघता २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचं टायर सोयीचं. ते थोड्या कमी हवेवर चालतं, रिमला धक्का कमी देतं आणि पंक्चरही कमी होतं. वजन दोन्ही मिळून शंभर-दीडशे ग्रॅमने वाढतं आणि ती वाढ सोसण्यासारखी आहे.

सिंहगडाचं गणित

मग हलक्या सायकलीचा उपयोग काय? उत्तर चढावर मिळतं. पायथ्याच्या गोळेवाडीपासून सिंहगडाचा रस्ता सुमारे ९ किलोमीटरचा आणि चढ साधारण ६०० मीटरचा. स्वार आणि सायकल मिळून ८२ किलो असतील आणि चढण्यासाठी स्वार सतत १५० वॅट देत असेल, तर वर पोचायला सुमारे ५४ मिनिटं लागतात. सायकल एक किलोने हलकी केली तर ४० सेकंद वाचतात. चार किलोने केली तर अडीच मिनिटांहून थोडी जास्त.

शर्यतीत अडीच मिनिटं म्हणजे फार. रविवारच्या सफरीत ती गडावरच्या पिठलं-भाकरीच्या रांगेत जातात. म्हणून एक ग्रॅम कमी करायला किती रुपये मोजायचे, हे ज्याचं त्याने ठरवावं.

त्याच चढावर दात्यांचा फरक कितीतरी मोठा पडतो. रोडस्टरला पुढे साधारण ४४ आणि मागे १८ दाते असतात. पॅडलच्या एका फेऱ्यात ती सव्वापाच-साडेपाच मीटर पुढे जाते. ताशी १० किलोमीटरने चढायचं तर मिनिटाला फक्त ३१ फेरे मारावे लागतात. प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर सगळा भार. पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असतील, तर एका फेऱ्यात सव्वादोन मीटर आणि त्याच वेगाला ७४ फेरे. ताकद तेवढीच लागते, पण ती लहान-लहान हप्त्यांत विभागली जाते. म्हणून मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच, निवडताना थोडी मोठी घ्यावी. मोठ्या दात्यांचे साठ-सत्तर ग्रॅम चढावर वसूल होतात. पुढे दोनऐवजी एकच चक्र ठेवलं तर पुढचा गिअर, त्याचा लिव्हर आणि केबल वाचते, दोनेकशे ग्रॅम कमी होतात. मात्र दोन गिअरांमधलं अंतर मोठं होतं आणि उतारावर वेग कमी पडतो.

मापं जुळली नाहीत तर

सुटे भाग जमवणाऱ्याला खरा फटका वजनात बसत नाही, मापात बसतो. चार जागा बघितल्या की बहुतेक घोटाळे टळतात.

पॅडलचा आस ज्या खोबणीत बसतो ती बीबी. बहुतेक स्टील फ्रेममध्ये ती ६८ मिलिमीटर रुंद असते आणि आटे इंग्लिश मापाचे, म्हणजे १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे. यात उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. सुटण्यासाठी घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. हे ठाऊक नसलेला माणूस पाना लावून जोर करत बसतो आणि कप आणखी घट्ट होतो. इटालियन फ्रेममध्ये खोबण ७० मिलिमीटरची आणि दोन्ही बाजूंचे आटे सरळ. ते माप वेगळं, भाग वेगळे.

दुसरी जागा मागच्या चाकाची. जुन्या सहा-सात गिअरच्या फ्रेममध्ये मागच्या दोन टोकांमधलं अंतर १२६ मिलिमीटर, आठ ते अकरा गिअरच्या रिम ब्रेकवाल्या रोड सायकलीत १३०, डिस्क ब्रेकच्या फ्रेममध्ये १३५ किंवा १४२. स्टीलचा एक मोठा गुण इथे कामी येतो. १२६ ची फ्रेम जाणकार कारागीर सावकाश ताणून १३० ची करू शकतो. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग करायचा नसतो.

तिसरी जागा पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची. जुन्या फ्रेममध्ये चिमट्याची दांडी एक इंचाची आणि आटे पाडलेली, नव्यांत सव्वा इंचापेक्षा थोडी कमी, १⅛ इंच आणि बिनआट्यांची. स्टीलचा चिमटा ८०० ग्रॅमच्या आसपास आणि कार्बनचा ४००. एकाच भागात एवढं वजन दुसरीकडे क्वचितच निघतं. पण तो बसवायला पुढची नळी १⅛ ची हवी आणि चिमट्याचा पुढचा झोक जुन्याएवढाच हवा, नाहीतर सायकल वळवताना अंगावर येते.

चौथी ब्रेकची. साध्या रोड कॅलिपर ब्रेकची पोच ३९ ते ४९ मिलिमीटर, त्यात २८ चं टायर जेमतेम मावतं. ३२ चं टायर हवं असेल तर ४७ ते ५७ मिलिमीटर पोचेचा ब्रेक लागतो आणि फ्रेममध्येही तेवढी जागा लागते. डिस्क ब्रेक पावसात सरस, पण त्यासाठी फ्रेम, चिमटा आणि हब तिन्ही तसेच हवेत आणि वजन तीन-चारशे ग्रॅमने वाढतं.

बेअरिंग निवडताना या पट्ट्याचा फायदा उठवता येतो. जुन्या हबमध्ये कप, कोन आणि सुटे छर्रे असतात, पुढे ३/१६ इंचाचे, मागे पाव इंचाचे. त्यांची देखभाल घरी होते. नव्या हबमध्ये बंद बेअरिंग असतं. ते घेताना त्यावरचा आकडा वाचायचा. ६००१ असेल तर आतला व्यास १२, बाहेरचा २८ आणि रुंदी ८ मिलिमीटर, जगात कुठेही. चिंचवडलाच एसकेएफचा कारखाना आहे आणि पिंपरी-भोसरीच्या बेअरिंगच्या दुकानांत असे प्रमाणित आकडे मोटारी-पंपांसाठी रोज विकले जातात. ज्या हबचं बेअरिंग फक्त त्याच कंपनीकडे मिळतं, तो हलका असला तरी चार वर्षांनी अडचणीचा ठरतो.

कुठे हात आखडायचा

स्टील किती हलकं होऊ शकतं, याचं टोकाचं उदाहरण १९७२ चं. बेल्जियमच्या एडी मर्क्सने त्या वर्षी २५ ऑक्टोबरला मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. त्याची सायकल एर्नेस्तो कोल्नागोने बनवलेली, स्टीलच्या नळ्यांची, वजन ५.७५ किलो. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २००० पासून शर्यतीच्या सायकलला किमान ६.८ किलोची अट घातली आहे. त्या अटीत मर्क्सची स्टीलची सायकल आज नापास होईल.

पण तिला ब्रेक नव्हते, गिअर नव्हते, साखळीलाही भोकं पाडलेली होती. ती गुळगुळीत ट्रॅकवर तासभर टिकली की काम झालं. रोज कामावर जाणाऱ्या सायकलीला वर्षानुवर्षं टिकायचं असतं.

म्हणून हँडल, हँडलला धरणारा स्टेम, सीटपोस्ट, चिमटा आणि क्रँक या पाच भागांत सर्वांत हलका माल शोधू नये. हे अचानक तुटले तर स्वार सावरत नाही. अ‍ॅल्युमिनियम लहानलहान धक्क्यांनीही वर्षानुवर्षं थकत जातं. स्टीलवर ठरावीक मर्यादेच्या आतल्या धक्क्यांचा असा संचय होत नाही. मध्यम किमतीचा, नावाजलेला, थोडा जड अलॉय हँडल घ्यावा आणि पडझड झाल्यावर किंवा काही वर्षांनी तो बदलावा. याउलट स्टँड, चेनकव्हर, स्प्रिंगची सीट, कॉटर पिनची स्टीलची क्रँक यांतून वजन काढायला धोका नाही. रोडस्टरचे दहा किलो मुख्यतः इथेच सापडतात.

पुण्याच्या दिव्या ताटे यांनी भारतात रुजवलेल्या ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकलिंगच्या प्रकारात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात. तिथे दिवे, अवजारं, पाणी आणि रेनकोट मिळून दोन-तीन किलो सहज होतात. अशा स्वाराने कॅरिअर आणि मडगार्डसाठी आटे असलेली फ्रेमच घ्यावी. शंभर ग्रॅम हलकी पण बिनआट्यांची फ्रेम घेतली, तर ते सामान पाठीवर येतं.

चौकट : साडेनऊ किलोचा हिशेब

मध्यम खर्चात जोडलेल्या हलक्या स्टील सायकलीचं अंदाजे वजन:
• बटेड क्रोमोली फ्रेम, स्टीलचा चिमटा, हेडसेट : २.८ किलो
• चाकं (हब, तारा, अलॉय रिम) : १.८ किलो
• टायर आणि ट्यूब : ०.८ किलो
• क्रँक, बीबी, साखळी, कॅसेट, गिअर : १.८ किलो
• ब्रेक, लिव्हर, केबल, हँडल टेप : १.० किलो
• हँडल, स्टेम, सीटपोस्ट, सीट : ०.९ किलो
• पॅडल आणि चाकांचे आस-कळ : ०.४ किलो
एकूण : ९.५ किलो

खरेदीचा क्रम

पहिली फ्रेम. तीही स्वाराच्या मापाची. लहान-मोठ्या फ्रेमची भरपाई कोणताच भाग करू शकत नाही. फ्रेम हाती आली की वरच्या चार जागांची मापं वहीत लिहून ठेवायची आणि मग बाकीचं बघायचं. दुसरी चाकं, कारण त्यांवर कॅसेट आणि ब्रेक ठरतात. तिसरं गिअर, साखळी आणि क्रँक, शक्यतो एकाच कंपनीचं आणि तेवढ्याच गिअरचं. नऊ गिअरचा लिव्हर आणि अकराची कॅसेट एकत्र नीट चालत नाहीत. हँडल, स्टेम आणि सीट शेवटी, कारण ती अंगाला बसवून बघावी लागतात.

स्टीलचा मोठा शत्रू बाहेरून दिसत नाही. पावसाळ्यात सीटपोस्टच्या फटीतून पाणी आत उतरतं आणि बीबीच्या खोबणीत साठतं. भिंत ०.५ मिलिमीटरची असेल, तर आतल्या गंजाला खायला फारसं काही नसतं. म्हणून जोडणीआधी नळ्यांच्या आत गंजरोधक फवारा किंवा जुन्या पद्धतीने जवसाचं तेल फिरवून वाळू द्यायचं आणि बीबीच्या तळाचं भोक मोकळं आहे ना, हे बघायचं. सीटपोस्ट, बीबीचे कप आणि पॅडलचे आटे ग्रीस लावूनच बसवायचे. स्टीलच्या फ्रेममध्ये अलॉयचा सीटपोस्ट कोरडा बसवला तर दोन धातू ओलाव्यात एकमेकांना धरतात आणि पुढे निघता निघत नाहीत.

नव्या चाकाच्या तारा पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये आपापल्या जागी बसतात आणि त्यामुळे थोड्या सैलावतात. गिअर-ब्रेकच्या केबलही ताणल्या जातात. म्हणून पहिल्या लांब फेरीनंतर एकदा आऊट काढून घ्यायचा, केबल ताणून घ्यायच्या आणि स्टेमचे व क्रँकचे बोल्ट पुन्हा तपासायचे. सिंहगडाचा पहिला उतार त्यानंतर.